दोरी कुणाच्या हाताला

“बघू” म्हणायच्या जागी तपासनिसांच्या तोंडून त्या दिवशी “बरं” निघून गेलं, आणि पुढचा सगळा घोळ त्या एका शब्दानं घातला. लग्न झाल्यापासून बायकोनं काहीही मागितलं की ते “बघू” म्हणत. बघू म्हणजे नाही, हे बायकोला पहिल्याच वर्षी समजलं होतं. तपासनिसांना ते कधीच समजलं नाही. आपण खरोखरच बघणार आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत असायची.

तपासनीस म्हणजे लिफ्टचे तपासनीस. उंच इमारतींत जायचं, लिफ्टच्या डोक्यावर चढून दोर, ब्रेक, दाराची कुलपं बघायची आणि शेवटी दोनपैकी एक पाटी लावायची: ‘चालवण्यास हरकत नाही’ किंवा ‘वापरू नये’. कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण कामावरून घरी आल्यावर माणूस बूट काढतो, तसं हे डोकं काढून ठेवायचं असतं, ते त्यांना जमलं नाही. घरातलं स्टूल, कपडे वाळत घालायची तार, प्रेशर कुकरची शिट्टी, सगळं त्यांच्या नजरेखालून जाई. पाहुणा आला तर आधी खुर्ची हलवून बघत आणि मगच “बसा” म्हणत. (काही पाहुणे उभ्याउभ्याच परत गेले.) त्यामुळे बिऱ्हाडातले, शेजारचे, सासरचे सगळे त्यांना तपासनीसच म्हणत.

तर त्या दिवशी नवरा-बायको डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडली होती. डॉक्टरांनी टेबलावरचं पेन इकडून तिकडं ठेवलं, तिकडून इकडं आणलं आणि मग, आता औषधं बदलत बसण्यात अर्थ नाही, आता आराम कसा पडेल तेवढं पाहायचं, असं बरंच लांबण लावून सांगितलं. हीच गोष्ट तपासनिसांच्या धंद्यात एका छोट्या पाटीवर मावते. बायकोनं, कापड पुरेल का असं गिऱ्हाईक विचारतं तशा सुरात, “म्हणजे कुठपर्यंत?” असं विचारलं. ती जन्मभर शिवणकाम करत आली होती. पडदे, गणवेश, आणि दुसऱ्या शिंप्यांनी बिघडवलेलं सगळं. डॉक्टर म्हणाले, “थंडी सुरू होईपर्यंत धरून चाला.”

खाली गाडीपाशी तपासनीस टायर पायानं दाबून बघत होते. टायरला काही झालेलं नव्हतं. पण दुसरीकडं कुठं बघायचं हे त्यांना सुचत नव्हतं.

“अहो,” बायको म्हणाली, “मला ती वॉटर स्कूटर चालवायची आहे.”

“कसली?”

“तळ्यावर फिरते ती. सलाईन लावून पडलेली असते तेव्हा खिडकीतून दिसते. इतके महिने तेवढंच बघतेय.”

आता इथं “बघू” यायचं. पण डॉक्टरांच्या खोलीपासून तपासनिसांचं चित्त असं काही उडालं होतं की नेहमीचा शब्द सापडेना. जे बाहेर पडलं ते “बरं” होतं. बायकोनं चमकून त्यांच्याकडं पाहिलं. तपासनिसांनीही, हे कोण बोललं, अशा नजरेनं मागं वळून पाहिलं. पण बोललेला शब्द परत घ्यायची सोय नसते.

मग त्यांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं, म्हणजे तयारी. जॅकेट कसं असावं, पोहणाऱ्यापासून किती लांब राहावं, पाण्यात पडल्यावर गुडघे छातीशी घेऊन अंगातली ऊब कशी राखावी, हे सगळं त्यांनी वाचून काढलं. मग सोफ्याच्या हातावर ते स्वतः घोड्यावर बसल्यासारखे बसले, मागं बायकोला बसवलं आणि दोन्ही हातांत लाटणं आडवं धरून डावी-उजवी वळणं घ्यायला लागले. नेमकी तेव्हाच मेहुणी आली. ही बायकोची धाकटी बहीण. एका दातांच्या डॉक्टरकडं अपॉइंटमेंट देण्याचं काम करते, त्यामुळे समोरच्याला कितीही दुखत असलं तरी शांत आवाजात बोलायची तिला सवय आहे.

“भावोजी, हे काय चाललंय?”

“सराव.”

“बुडायचा?”

“पडायचा,” तपासनीस म्हणाले. “पाण्यात पडल्यावर काय करायचं ते आधी माहीत असलेलं बरं.”

“पण तुम्ही पुढं कशाला बसलाय? चालवायची ताईला आहे ना?”

“आधी मी चालवून अंदाज घेतो. ती मागं बसेल. मग पुढचं पुढं बघू.”

तर आला तो शब्द फिरून. बायको सोफ्याच्या हातावरून उतरली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. उतरण्याचं कारण मेहुणीला कळलं, आणि वाचकहो, तुम्हालाही कळलं असेल. आजारी पडल्यापासून तिनं स्वतःच्या हातानं काही केलेलं नव्हतं. पाण्याचा पेला तिच्यापर्यंत यायचा तो तपासनिसांनी आधी ओठाला लावून, गरम-गार बघून यायचा. बाथरूमची कडी काढलेली होती. शिवणयंत्रावर चादर घातलेली होती, कारण सुई लागली तर जखम चिघळेल असं कुणीतरी म्हणालं होतं. हे सगळं प्रेमापोटी, यात शंका नाही. पण प्रेमाचा पहारा झाला तरी तो पहाराच. तिच्याजवळ थंडीपर्यंतचे दिवस होते, आणि ते तिला पेशंट म्हणून नको होते. तपासनिसांना मात्र ते सगळेच्या सगळे हवे होते, एकही न सांडता.

ऊन चांगलं पडलेला दिवस बघून तिघं तळ्यावर गेली. काठाला लाकडी धक्का होता आणि त्याला रांगेनं स्कूटरी बांधून ठेवलेल्या होत्या. तिथला माणूस उन्हानं करपलेला, गळ्यात शिट्टी, दोन्ही खांद्यांवर चार-चार जॅकेटं टाकून हिंडत होता. त्याला आपण जॅकेटवाला म्हणू. तपासनिसांनी आल्याआल्या एक जॅकेट उलटं करून त्याची शिवण बघितली, बकल ओढून बघितलं आणि विचारलं, “हे शेवटचं कधी तपासलं होतं?”

“काका, आत्ता तुम्हीच तपासताय की,” जॅकेटवाला म्हणाला.

मग त्यानं सूचना सांगायला सुरुवात केली. रोज सांगून सांगून त्या त्याच्या तोंडात बसल्या होत्या, तरी तो एकेक शब्द नीट सांगत होता. लोक ऐकत नाहीत आणि मग आपल्यालाच पाण्यात उडी मारावी लागते, हे तो अनुभवानं शिकला असावा.

“ही दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. हिचं दुसरं टोक इथं बटणाखाली अडकवलंय. चालवणारा पडला की टोक निघतं आणि इंजिन बंद. पुन्हा सांगतो, दोरी चालवणाऱ्याच्या हाताला. आता दुसरं. याला ब्रेक नाही.”

तपासनिसांच्या हातातलं जॅकेट खाली पडलं.

“ब्रेक नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. हा अंगठ्याखालचा खटका सोडला की मशीन आपोआप मंदावतं.”

“आणि समोर कुणी आलं तर?”

“तिथंच लोक चुकतात. घाबरून अंगठा काढतात आणि मग हँडल फिरवतात. अंगठा काढल्यावर हँडल कितीही फिरवा, मशीन सरळच जाणार. मागून पाणी सुटतं त्याच्या जोरावर हे वळतं. वळायचं तर थोडा जोर द्यावाच लागतो.”

“धोका दिसल्यावर जोर द्यायचा?”

“थोडा.”

“हे यंत्र पास कुणी केलं?” तपासनिसांनी विचारलं.

जॅकेटवाला पुढं बरंच काही सांगत होता. दुसऱ्याच्या मागं चिकटून जायचं नाही, पोहणारी माणसं दिसली तर लांबून जायचं, वळायच्या आधी मागं बघायचं, आणि तिकडं ते नारिंगी फुगे बांधलेत तिथं अजिबात जायचं नाही, तिथं पाणी उथळ आहे, खालची वाळू मशीनमध्ये ओढली जाते. बायको हे सगळं मान हलवत ऐकत होती. तपासनीस त्या वेळी खाली वाकून तिच्या जॅकेटचे पट्टे आवळत होते. पट्टे आधीच आवळलेले होते.

“अहो, श्वास घ्यायला तरी जागा ठेवा,” ती म्हणाली.

याच वाकलेल्या अवस्थेत तपासनिसांच्या डोक्यात तो विचार आला. त्यांनी विचार केला तो असा: दोरी कशासाठी, तर माणूस पडला की इंजिन बंद पडावं म्हणून. आपल्या दोघांत पडण्याची शक्यता कुणाची जास्त? हिची. हिच्या हातात जोर नाही, बसेल तीही मागं. ही पडली आणि आपल्याला कळलंच नाही तर? मशीन तसंच पुढं जाईल आणि ही मागं एकटी पाण्यात. तेव्हा दोरी हिच्याच हाताला हवी. चालवणाऱ्याच्या हाताला बांधा म्हणणाऱ्यानं हिच्याकडं नीट बघितलेलं नाही. चूक अगदी विचारपूर्वक केलेली होती. असली चूक बेफिकीर माणसाला जमत नाही, त्यासाठी जन्मभर काळजी करावी लागते.

त्यांनी बायकोच्या मनगटाला दोरी बांधली आणि दोनदा ओढून पाहिली. जॅकेटवाला तेवढ्यात धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला परत आलेली एक स्कूटर ओढून घ्यायला गेला होता. तो वळला तेव्हा दोघं बसलेली होती आणि दोरी दोन जॅकेटांच्या मधे दिसेनाशी झाली होती. शेवटची खबरदारी म्हणून तपासनिसांनी आपला चष्मा काढून मेहुणीकडं दिला. पाण्यात पडून हरवायला नको.

“भावोजी, चष्म्याशिवाय दिसतं ना तुम्हाला?”

“तळं दिसतंय,” तपासनीस म्हणाले.

ते निघाले. निघाले म्हणजे धक्क्यापासून सुटले. अंगठा त्यांनी खटक्यावर असा ठेवला होता की खटक्याला कळूही नये. दोन बदकं शेजारून आली, जरा वेळ सोबत केली आणि कंटाळून पुढं निघून गेली.

“अहो, जरा जोरात.”

“बघू.”

“ती बदकं गेली पुढं.”

“त्यांना सवय असते.”

मागून बायकोचा निःश्वास त्यांच्या मानेला लागला. तो दमल्याचा नव्हता, हे त्यांनाही कळलं. त्यांना वाईट वाटलं, आणि त्या भरात त्यांनी अंगठा थोडा दाबला. मशीननं नाक उचललं, वारा लागला, बायको मागं “हं” म्हणाली. बऱ्याच महिन्यांत तिच्या तोंडून असा आवाज आला नव्हता. तपासनिसांना तो इतका आवडला की त्यांनी अंगठा आणखी दाबला. आपण कुठल्या दिशेला चाललोय हे चष्मा नसल्यामुळे त्यांना फारसं माहीत नव्हतं.

आणि समोर नारिंगी टोपी घातलेलं माणसाचं डोकं दिसलं.

ते डोकं नव्हतं, उथळ पाण्याची खूण करणारा फुगा होता. पण तपासनिसांना डोकंच दिसलं. जन्मभराच्या सवयीनं ते आधी यंत्र थांबवायला गेले. अंगठा काढला आणि हँडल गरागरा फिरवलं. मशीन सरळ त्या डोक्याच्या दिशेनं. “बाजूला व्हा” असं ते फुग्याला म्हणाले. फुगा झाला नाही. तेव्हा त्यांना आठवलं की वळायला जोर द्यायचा असतो. थोडा, हे मात्र आठवलं नाही. हँडल पूर्ण फिरलेलं, त्यात खटका पूर्ण दाबलेला; मशीन जागच्या जागी असं गिरकलं की तपासनीस फेकले गेले आणि पालथे पाण्यात पडले. बायको सीटच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून होती. ती राहिली.

जॅकेटनं त्यांना वर आणलं. नाकातोंडात पाणी, कानात पाणी. पहिली गोष्ट त्यांना ऐकू आली ती इंजिनाची धडधड. इंजिन चालू होतं. बंद पडायचं काही कारणच नव्हतं, कारण ज्या हाताला दोरी होती तो हात अजून मशीनवर होता. स्कूटर हळूहळू पुढं चालली होती, आणि त्यांची बायको सीटवरून पुढं सरकून हँडल धरत होती.

“तुम्ही ठीक आहात ना?” तिनं वळून विचारलं.

“मला काही झालं नाही,” ते ओरडले. “तू हलू नकोस. दोरी ओढ. दोरी ओढली की इंजिन बंद पडेल.”

तिनं आपल्या मनगटाकडं पाहिलं. मग त्यांच्याकडं पाहिलं, चांगलं नीट, वरपासून पाण्यापर्यंत. मग तिनं अंगठा खटक्यावर ठेवला आणि ती गेली.

गेली म्हणजे भरधाव गेली. मागं पाण्याची पांढरी रेघ. पायाखालच्या पेडलनं शिवणयंत्राचा वेग कमी-जास्त करण्यात जिचा जन्म गेलेला, तिला अंगठ्यानं तेच करायला किती वेळ लागतो? दुसरी एक स्कूटर दिसली तशी ती लांबून वळली, वळायच्या आधी मागं पाहिलं, आणि पलीकडच्या झाडांच्या दिशेनं लहान होत होत चष्मा नसलेल्या माणसाला दिसेनाशी झाली. काठावरून शिट्टी वाजत होती. जॅकेटवाल्याची बचावासाठीची स्कूटर नेमकी पेट्रोल भरायला धक्क्याला लावलेली होती, हे तपासनिसांना नंतर समजलं.

त्या वेळी त्यांना एवढंच समजत होतं की ती गेली आणि आपण मागं राहिलो. त्यांनी वाचल्याप्रमाणे गुडघे छातीशी घेतले, हातांनी ते कवटाळले आणि अंगाचं मुटकुळं करून तरंगत राहिले. ती पडली असेल. ती दमली असेल. तिला श्वास लागला असेल आणि आवळलेले पट्टे सोडायला कुणी नसेल. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ती पडण्याची भीती वाटत नाहीये. जे थंडीत व्हायचं होतं ते आत्ता झालं होतं. आजूबाजूला नुसतं पाणी आणि आपण एकटे, करण्यासारखं काही नाही, तपासण्यासारखं काही नाही. असंच असणार आहे, असं त्यांना वाटलं. सकाळी उठल्यावर, जेवताना, कामावरून परत आल्यावर असंच. तपासनीस मोठ्यांदा रडले. नाहीतरी तोंड ओलंच होतं, आणि तिथं ऐकायला फक्त तो फुगा होता.

बऱ्याच वेळानं धडधड परत ऐकू आली. ती येत होती. चांगलं अंतर ठेवून तिनं अंगठा काढला, मशीन मंदावत मंदावत आलं आणि त्यांच्यापासून दोन हातांवर थांबलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ओठ निळे झाले होते. ती हसत होती.

“अहो,” ती म्हणाली, “उभे राहा की.”

“काय?”

“उभे राहा. इथं पाणी छातीएवढंच आहे. तो सांगत होता तेव्हा तुम्ही माझे पट्टे आवळत होतात.”

तपासनिसांनी मुटकुळं मोडून पाय खाली सोडले. पायांना वाळू लागली. पाणी छातीलाही पुरतं पोचत नव्हतं. इतका वेळ ते ज्या अथांग तळ्यात मरणाशी झुंज देत होते त्यात उभे राहून त्यांना वर्तमानपत्र वाचता आलं असतं.

“किती लांब गेलीस,” ते म्हणाले.

“त्या झाडांपर्यंत.”

“दमली असतीस तर?”

“दमलेच.”

“पडली असतीस तर?”

“तर दोरी निघून मशीन बंद पडलं असतं. तुम्हीच बांधलीत ना माझ्या हाताला?”

सगळ्या दिवसात एकच काम नियमानुसार झालं होतं, आणि तेही चुकून.

“मला वाटलं, तू परत येत नाहीस,” तपासनीस म्हणाले. त्यांचा आवाज फाटला.

ती थोडा वेळ हँडलवर डोकं टेकून दम खात राहिली. “एक दिवस नाहीच यायची मी,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. म्हणून तोपर्यंत मला तपासू नका हो. मी लिफ्ट नाही. मला शिवायचंय, माझं पाणी मला घेऊन प्यायचंय, बाथरूमला कडी पाहिजे. सुई लागली तर लागली. आता मला काय होणार आहे?”

तपासनीस छातीएवढ्या पाण्यात उभे होते. “बरं,” ते म्हणाले. हे दुसरं ‘बरं’ मात्र चुकून आलेलं नव्हतं.

तेवढ्यात जॅकेटवाला आपली स्कूटर घेऊन पोचला. त्यानं आधी काकूंना विचारलं, मग काकांकडं वळला, मग दोरी कुणाच्या हाताला आहे ते बघितलं आणि जरा वेळ आभाळाकडं बघत राहिला.

“काका, मी दोनदा सांगितलं होतं.”

“मी विचार केला होता.”

“तो नका करत जाऊ,” जॅकेटवाला म्हणाला. “काकू चांगलं चालवतायत. तुम्ही मागं बसा.”

तपासनीस मागच्या बाजूनं चढले. (बाजूनं चढलं तर मशीन कलंडतं. एवढं त्यांनी ऐकलेलं होतं.) बायकोच्या कमरेला त्यांनी दोन्ही हातांची मिठी घातली. जॅकेट हाताला लागलं. जॅकेटच्या आत फार थोडी बायको उरली होती. त्यांनी तिच्या पाठीला गाल लावला आणि काठ येईपर्यंत एकही सूचना केली नाही. मेहुणी म्हणते, तिला सगळ्यात जास्त भीती तेव्हाच वाटली.

त्यानंतरचे दिवस तपासनिसांनी शब्द पाळला. म्हणजे त्यांच्या मानानं पाळला. बाथरूमची कडी त्यांनी स्वतः परत बसवली. दाराबाहेर मात्र उभे राहत आणि आतून “जा तिथून” असं ऐकू आलं की चार पावलं मागं सरकून तिथं उभे राहत. शिवणयंत्रावरची चादर निघाली. बायकोनं शेजारणीचे बिघडलेले पडदे दुरुस्त केले, बहिणीला एक झगा शिवला आणि सुई दोनदा बोटात घुसवून घेतली. पाणी ती आपलं आपण घेऊन पिई. कधी सांडे, तेव्हा तपासनीस छताकडं बघत. पुढं ऑक्सिजनची नळी लागली. तेव्हा सिलिंडरवरचा काटा बघायचा नाही असं ठरलेलं होतं, म्हणून ते त्याच्या आसपासचं टेबल पुसत. ते टेबल इतक्यांदा पुसलं गेलं की त्याचं पॉलिश गेलं. अंथरुणाशेजारून मात्र ते हलत नसत. बसून झोपत, बसून जेवत. एवढं करू नका, असं बायको म्हणाली नाही. तिनंही थोडा हट्ट सोडला होता.

ती गेली ती एका दुपारी, थंडी पडायच्या आधीच. बाहेर जिन्यापाशी इमारतीच्या लिफ्टचा आवाज झाला आणि तपासनिसांची मान वर झाली. लिफ्ट मजल्याशी बरोबर न लागता बोटभर खाली थांबत होती. त्यांना ते नुसत्या आवाजावरून कळे.

“जा, बघून या,” बायको म्हणाली. तिचा आवाज आता जवळ वाकल्याशिवाय ऐकू येत नसे.

“नंतर जाईन.”

“कुणाचा तरी पाय अडकेल. जा.”

मेहुणी घरात होती म्हणून ते गेले. दार उघडं धरून त्यांनी पाहिलं, लिफ्ट बंद केली, ‘वापरू नये’ची पाटी लावली, कंपनीला फोन केला. या सगळ्याला असा कितीसा वेळ लागतो? परत आले तेव्हा मेहुणी अंथरुणापाशी उभी होती आणि तिनं बहिणीचा हात हातात धरलेला होता. तिच्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं.

तपासनीस जमिनीवर बसले. “मी इतके दिवस हललो नव्हतो,” ते म्हणाले. “एवढाच वेळ गेलो होतो. एवढाच.” ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. मेहुणीनं त्यांना म्हणू दिलं. मग ती त्यांच्याशेजारी येऊन बसली आणि दवाखान्यातल्या त्या शांत आवाजात बोलली.

“भावोजी, तुम्ही बाहेर जायचीच ती वाट बघत होती. काही माणसांचं असं असतं. तुम्ही नजर लावून बसलेले असताना तिला जाता येत नव्हतं.”

तपासनिसांनी यावर बराच विचार केला. डोळे पुसले, पुन्हा विचार केला.

“मग सांगायचं ना तिनं,” ते म्हणाले. “मी आधीच गेलो असतो बाहेर.”

“तुम्ही?” मेहुणी म्हणाली. रडता रडताच तिला हसू आलं होतं. “तुम्ही अर्ध्या जिन्यातून परत आला असता, ती नीट गेली का ते बघायला.”